आयआरएचा फंड निवडताना आधी खर्च पाहा

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नोकरी करणारी मराठी माणसं आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावाचं निवृत्ती खातं, उघडतात आणि फंडांच्या यादीपाशी अडखळतात. बहुतेकांची नजर जाते ती गेल्या तीन-पाच वर्षांच्या परताव्याकडे. माझ्या मते आधी पाहायला हवा तो एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंडाचा वार्षिक खर्च. पुढचा परतावा कुणाच्याच हातात नाही. खर्च मात्र आजच माहीत असतो आणि फंड तरो की बुडो, तो कापला जातोच. २०२५ साली पन्नाशीच्या आतल्या व्यक्तीला आयआरएत जास्तीत जास्त ७,००० डॉलर भरता येत होते. दरवर्षी तेवढेच भरले आणि खर्च वजा जाता ७ टक्के सुटले, तर ३० वर्षांनी सुमारे ६ लाख ६१ हजार डॉलर जमतात. खर्चापायी आणखी एक टक्का गेला, तर ५ लाख ५३ हजारच. लाखभर डॉलरचं हे नुकसान खात्याच्या विवरणपत्रात कुठेही दिसत नाही, कारण खर्च वळता करूनच एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, जाहीर होते.

हुशार व्यवस्थापक जास्त फी घेऊन जास्त कमावूनही देईल, हा आक्षेप रास्त वाटतो. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड, म्हणजे शेअर निवडत न बसता बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा पाळणारा फंड, आणला, तेव्हा त्यांची टिंगलच झाली होती. पण एस अँड पीचे स्पिवा अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की, १५ वर्षांच्या शर्यतीत बड्या कंपन्यांत पैसे गुंतवणारे बहुसंख्य सक्रिय, म्हणजे व्यवस्थापकाच्या निवडीवर चालणारे, फंड एस अँड पी ५०० या निर्देशांकाच्या मागे पडतात. पुढे राहणारे थोडे असतात खरे, पण ते कोण हे आधी कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजार कोसळला की इंडेक्स फंडही कोसळतो. २००८ मध्ये एस अँड पी ५०० चा परतावा लाभांश धरूनही उणे ३७ टक्के होता; निवृत्ती तोंडावर आलेल्याला हे झेपणारं नाही. त्यावर उपाय महागडा फंड नव्हे, तर वयाबरोबर रोख्यांचा वाटा वाढवणं. (करमुक्त म्युनिसिपल बाँडचे फंड मात्र इथे नकोत, आयआरएतल्या वाढीवर तसाही दरवर्षी कर लागत नाही.) टार्गेट डेट फंड, म्हणजे ठरावीक निवृत्तीवर्ष धरून आखलेले फंड, हा बदल आपोआप करतात, पण तिथेही नाव पूर्ण वाचावं. फिडेलिटीकडे एकाच निवृत्तीवर्षासाठी ‘फ्रीडम’ आणि ‘फ्रीडम इंडेक्स’ असे दोन फंड मिळतात. ‘इंडेक्स’वाल्याचा खर्च ०.१२ टक्के आहे, दुसऱ्याचा त्याच्या कित्येक पट.