ओरखडा कुणी पाडला?



मागे एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्यापाशी थांबल्या. चेहरा उतरलेला होता. त्यांचा थोरला मुलगा कुरिअरच्या कामाला आहे. धाकटा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला, म्हणून थोरल्याने ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्याला हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र सेकंडहँड आणून दिले. स्टँडमध्ये ठेवले की टीव्हीवर खेळता येते, असे ते यंत्र. पंधरा दिवसांत पडद्यावर दोन उभे ओरखडे दिसले. वडिलांनी धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "मी नाही केलं." "मग काय भुतानं केलं?" असे म्हणत वडिलांनी त्याच्या कानशिलात दिली. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही.

ताई म्हणाल्या, "माझं पोर खोटं बोलत नाही हो. पण मग ओरखडा आला कुठून?"

हा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटला. आपण भूत, नजर, नशीब मानणारे नाही. कारणावाचून कार्य घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले आहे. ही शिकवण फक्त विहारात ऐकायची आणि घरी आल्यावर जो लहान असेल त्याच्यावर आळ घ्यायचा, हे बरे नव्हे. म्हणून आज या सदरात ओरखड्याचे कारण शोधू आणि तो टाळायचा कसा तेही पाहू.

या प्रकारचे सर्वांत माहितीतले यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा स्विच. तो मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्याचा ६.२ इंची पडदा वरून काचेचा नसून प्लॅस्टिकचा आहे. त्याच्यासोबत एक उभे खोके मिळते, त्याला डॉक म्हणतात. यंत्र वरून त्यात सोडले की तळाच्या खाचेत बसते, चार्ज होते आणि चित्र टीव्हीवर जाते. यंत्र सरळ बसावे म्हणून डॉकच्या आतल्या अंगाला दोन्ही कडांजवळ प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात. यंत्र सरळ सोडले तर त्या पट्ट्या पडद्याभोवतालच्या काळ्या चौकटीलाच लागतात. तिरके सोडले तर मात्र पडदा घासू शकतो. स्विच बाजारात आल्या आल्याच अशा ओरखड्यांच्या तक्रारी निरनिराळ्या देशांतून झाल्या होत्या.

दुसरे कारण धूळ. आपल्या वस्त्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. शेजारी इमारतीचे काम चालू असते, रस्ता खोदलेला असतो, खिडकी उघडल्याशिवाय घरात श्वास घेता येत नाही. डॉकचे तोंड वर उघडे असते, त्यामुळे वाळूचे बारीक कण आत जाऊन बसतात. वाळूतला गारेचा कण काचेहूनही कठीण असतो, तिथे प्लॅस्टिकची काय कथा! तो कण पट्टी आणि पडदा यांच्यामध्ये सापडला, की यंत्र वरखाली करताना दर वेळी रेघ ओढतो.

आता ताईंच्या घरची गोष्ट पाहा. यंत्र कोणत्या कंपनीचे, हे इथे महत्त्वाचे नाही. ओरखडे दोन होते, दोन्ही उभे, दोन्ही कडांजवळ. यंत्र हातातून पडले असते तर कोपरा ठेचला असता. किल्लीने किंवा कंपासने ओरखडले असते तर रेघ वेडीवाकडी गेली असती. सरळ उभ्या रेघा म्हणजे घासणे वरखाली झालेले. डॉकमध्ये टॉर्च मारून पाहिले, तर तळाशी सिमेंटची करडी धूळ साचलेली. आणि यंत्र रोज रात्री डॉकमध्ये ठेवत कोण होते? थोरला! उशिरा कामावरून यायचा, कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता अंधारात एका हाताने यंत्र आत ढकलायचा. त्याचाही हेतू वाईट नव्हता. पण यंत्र डॉकमध्ये असताना पडदा झाकलेला असतो. ओरखडा पडतो तो कुणाला दिसत नाही. नंतर जो हातात घेतो त्याच्या वेळी तो दिसतो आणि तोच गुन्हेगार ठरतो.

आता उपाय. हे सारे घरच्या घरी होण्यासारखे आहेत.

पहिला उपाय फुकटचा आहे. यंत्र दोन्ही हातांनी धरावे, सरळ उभे सोडावे, सरळ वर उचलावे. ढकलू नये, ओढू नये. दिवा लावणे शक्य नसेल तर यंत्र रात्री डॉकबाहेर ठेवावे आणि सकाळी आत बसवावे.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. आठवड्यातून एकदा डॉकची वायर काढावी, डॉक उलटा करून हलकेच झटकावा आणि कोरड्या मऊ ब्रशने आतल्या पट्ट्या साफ कराव्यात. ओले फडके आत घालू नये, तळाशी विजेची जोडणी असते. डॉक चुलीपासून व खिडकीपासून दूर, सपाट फळीवर ठेवावा. रिकामा असेल तेव्हा वर रुमाल टाकावा. मात्र यंत्र आत चालू असताना रुमाल टाकू नये. स्विच मागच्या बाजूने हवा आत घेतो आणि वरच्या फटीतून गरम हवा सोडतो. ती वाट अडली की यंत्र तापते.

तिसरा उपाय स्क्रीन गार्डचा. टेम्पर्ड ग्लासचे पातळ गार्ड लावले की ओरखडा गार्डवर पडतो, पडदा वाचतो. गार्ड आपल्याच मॉडेलचे घ्यावे. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलचा पडदा ७ इंची आहे आणि २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चा ७.९ इंची, त्यामुळे एकाचे गार्ड दुसऱ्याला बसत नाही. या दोन्ही मॉडेलच्या पडद्यावर कंपनीनेच एक पातळ थर चिकटवलेला असतो. तो पॅकिंगचा कागद समजून काढू नये. काच फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून तो आहे. गार्ड लावताना पंखा बंद करावा, पडदा मऊ फडक्याने पुसावा आणि घाई करू नये.

काही जण डॉकच्या पट्ट्यांवर मऊ फेल्टच्या पातळ चिकटपट्ट्या लावतात. तेही चालते, पण फेल्टमध्ये धूळ अडकते, म्हणून ती वरचेवर बदलावी लागते. जाड गार्ड आणि फेल्ट दोन्ही लावून यंत्र आत कोंबू नये. एक काहीतरी पुरे. अनोळखी स्वस्त डॉकच्या नादी लागू नये. २०१८ मध्ये अशा काही डॉकमुळे यंत्रेच बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आणि जे सेकंडहँड २०१९ चे स्विच लाइट घेणार असतील त्यांनी ध्यानात ठेवावे, ते टीव्हीला जोडताच येत नाही, त्यामुळे त्याला हा डॉक लागत नाही.

ओरखडा पडलाच असेल तर टूथपेस्ट घासू नका. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. एक रेघ जाईल न जाईल, पण शंभर बारीक रेघा उमटून पडदा धुरकट होईल. स्पिरिट, थिनरही नको. ओरखडा उथळ असेल तर गार्ड लावल्यावर पुष्कळदा तो झाकून जातो. खोल असेल आणि दुकानात जावेच लागले, तर २०१७ च्या स्विचबाबत एवढे माहीत असू द्या: त्यात बोटाच्या स्पर्शाचा वरचा थर आणि चित्राचा खालचा पडदा हे वेगवेगळे भाग आहेत. वरचाच खराब असेल तर दोन्हींचे पैसे देण्याचे कारण नाही.

कुणी म्हणेल, खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? विनयपिटकात एक प्रसंग आहे. राजा उदयनाने आनंदांना विचारले, दानात आलेल्या एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करता? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देतो. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे होतात, पुढे गादीची खोळ, मग जमिनीवरचे आच्छादन, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके आणि शेवटी तुकडे करून मातीत मळून लिंपण. दात्याच्या कष्टाचे चीज करणे म्हणजे हेच. थोरल्याच्या ओव्हरटाइमचे चीज करणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

पण वस्तू जपताना माणूस दुखवला, तर त्या जपण्याला अर्थ उरत नाही. पडद्याला नवे गार्ड मिळते. खरे बोलूनही मार खाल्लेल्या पोराच्या मनावर लावायला तसले काही मिळत नाही. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे शील आपण मुलांकडून रोज म्हणवून घेतो. मग मूल खरे बोलेल तेव्हा ते ऐकून घेण्याची जबाबदारी आपली नाही का?

पुढच्या रविवारी ताई पुन्हा भेटल्या. थोरल्याने धाकट्याला जवळ घेऊन सांगितले, "चूक माझी होती." वडील काही बोलले नाहीत. बाजारातून मऊ ब्रश घेऊन आले आणि धाकट्यासमोर ठेवून म्हणाले, "कसं साफ करायचं, मला दाखव." त्या दिवशी पोरगा पोटभर जेवला, असे ताई म्हणाल्या.

नमो बुद्धाय! जय भीम!