ब्लॅक अँड व्हाइट बाबा

ग्रुपमध्ये कुणाकडे 'गुड न्यूज' आली की पहिला प्रश्न, बघायला जाताना न्यायचं काय? झबली-टोपडी ढिगानं येतात आणि सोनं तर विसराच. मी सरळ काळ्या-पांढऱ्या चित्रांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक नेते. 'अगं, पंधरा दिवसांचं पोर काय वाचणार?' असं घरातली एखादी मावशी विचारतेच.

वाचत नाही हो, बघतं. सुरुवातीला बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे वीतभर, फार तर थोडं जास्त. पलीकडे सगळं धूसर. फिकट गुलाबी-आकाशीतला फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाही (आणि आपण खोली नेमकी त्याच रंगांत रंगवतो!). काळ्यावर पांढरं मात्र ठसठशीत दिसतं. १९६३ साली रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं अगदी नवजात बाळांना चकत्या दाखवल्या. चेहऱ्याचं चित्र, वर्तुळं, पेपरचा छापील तुकडा आणि साधा पांढरा, पिवळा, लाल रंग. लालभडक चकतीपेक्षा पेपरकडे बाळं जास्त वेळ बघत होती. आम्हा पत्रकारांना एवढा निरागस वाचक दुसरा नाही! पहिला नंबर अर्थात चेहऱ्याचा.

म्हणूनच 'ब्रेन डेव्हलपमेंट'वाल्या जाहिरातींना माझ्या लेखी फार किंमत नाही. पुस्तकाचा खरा फायदा मी एका मैत्रिणीच्या घरी पाहिला. तिला कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा. नवरा खासगी आयटी कंपनीत, त्याच्यासाठी असा कायदाच नाही. कंपनीनं दिलेले पाच दिवस बारशाआधीच संपले. रोज रात्री साडेनऊला घरी. तोवर बाळाभोवती आई, सासू, मालिशवाली अशी एक्स्पर्ट मंडळी, आणि हा दारात उभा. घेतलं की रडायचं, की लगेच 'घे गं, हिला तूच हवी.'

त्याच्या हातात पुस्तक दिल्यावर त्याला काहीतरी काम मिळालं. मांडीवर बाळ, वीतभरावर पान, पानामागे तो. मुलगी ठिपक्यांकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. काळ्या फ्रेमचा चष्मा, दाट भुवया... बॉस, हा माणूसच हाय-कॉन्ट्रास्ट आहे!

करायचं एवढंच. बाळ जागं आणि पोट भरलेलं हवं. एका पानावर रेंगाळा, काहीही बोला, क्रिकेटचा स्कोअरसुद्धा चालतो. तिनं मान वळवली की पुस्तक बंद. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. टाना होबनचं १९९३ चं 'ब्लॅक ऑन व्हाइट' मिळालं तर घ्या, त्यात एक शब्द नाही. नाहीतर पांढरा पुठ्ठा आणि काळा मार्कर आहेच. तीन-चार महिन्यांत रंग दिसू लागले की या पुस्तकाची जादू ओसरते.

मैत्रीण पुढच्या महिन्यात ऑफिसला जॉइन होतेय. साडेनऊची ड्युटी अजून बाबाचीच आहे. पुस्तकाचा एक कोपरा लेकीनं चावून संपवलाय.