माजघरातला पंप

राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर मागील महिन्यात बहिणीकडे मुक्कामाला होतो. रात्रीची जेवणे आटोपली, अंथरुणे पडली आणि भाच्याने पाठीवरचा फवारणी पंप माजघरात आणून भिंतीच्या सॉकेटला चार्जिंगला लावला. त्याच भिंतीशी त्याची चार वर्षांची मुलगी झोपली होती. टाकीच्या झाकणाला औषधाचा उग्र वास येत होता.

"अरे, हा रात्रभर इथेच?" मी विचारले.

"दादा, पडवीतली वायर उंदरांनी कुरतडलीय," बहीण म्हणाली. "अन् बाहेर ठेवला तर सकाळी जागेवर राहील का?"

भाच्याने भर घातली, "मामा, काळजी नको. आताच लिथियमची नवी बॅटरी टाकलीय. चार्जर जुनाच आहे, पण पिन बरोबर बसते."

वाचकहो, पिन बसली म्हणजे चार्जर योग्य आहे, हा समज आज आपल्या अनेक घरांत आहे. म्हणून या वेळी आहार-विहाराचा विषय बाजूला ठेवून, घरात आलेल्या या बॅटरीविषयी बोलू.

पाठीवरच्या पंपात बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. पूर्वी ती शिसे आणि आम्ल यांचीच असे. आता तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसवली जाते. दोन्हींवर '१२ व्होल्ट' असेच छापलेले असते, परंतु त्यांची भूक निराळी. शिशाच्या बॅटरीचा चार्जर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत दाब देतो. तीन घटांच्या लिथियम-आयन बॅटरीचे पोट मात्र १२.६ व्होल्टला भरते. त्यापुढचा दाब अडविण्यासाठी आत एक छोटे संरक्षक सर्किट असते. ते बिघडले किंवा स्वस्त बॅटरीत मुळातच नसले, तर घट तापत जातात, फुगतात आणि पेटूही शकतात. लिथियम फॉस्फेट या प्रकारात चार घट असतात आणि त्याला १४.६ व्होल्ट लागतात. म्हणजे लिथियम-लिथियममध्येही भेद आहे. चार्जरच्या पाठीवर 'आउटपुट' या शब्दापुढे छापलेला आकडा वाचावा व तो बॅटरीवरील सूचनेशी ताडून पाहावा. बॅटरी बदलली आणि आकडा जुळत नसेल, तर चार्जरही बदललाच पाहिजे.

सुतारकाम किंवा फॅब्रिकेशन करणाऱ्यांच्या घरी कॉर्डलेस ड्रिल आणि ग्राइंडर असतात. तेथेही हाच नियम. ड्रिलची बॅटरी बसली की आतले एक-दोन घट बदलून ती पुन्हा जोडून देणारे भेटतात. जुने आणि नवे घट एका माळेत घातले, तर अशक्त घट लवकर भरतो, लवकर रिकामा होतो आणि तोच प्रथम तापतो. त्यामुळे त्याच कंपनीची, त्याच व्होल्टची अखंड बॅटरी घेणे अंती स्वस्त पडते.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळापासून 'बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी' ही समजूत रुजली आहे. लिथियमला ती अपायकारक ठरते. यंत्राचा जोर कमी झाला की थांबावे. उन्हातून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ही मर्यादा दुपारीच मोडते.

कांद्याची, डाळिंबाची फवारणी संपली की पंप दोन-तीन महिने कोपऱ्यात जातो. शिशाची बॅटरी ठेवण्यापूर्वी पूर्ण भरावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावी. रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात व ती कायमची निकामी होते. लिथियमची रीत उलटी: ती निम्मी भरून, थंड व कोरड्या जागी ठेवावी.

बॅटरी बदलण्याची वेळ ती स्वतःच सांगते. पूर्वी जेवढे काम होई त्याच्या निम्मेही होईना, चार्जरचा हिरवा दिवा नको इतक्या लवकर लागू लागला, किंवा चार्जिंगमध्ये हात ठेववेना इतकी ती तापू लागली, तर तिचे आयुष्य सरले असे समजावे. ती फुगली, गळू लागली किंवा तिला विचित्र वास येऊ लागला, तर मात्र वाट पाहू नये. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये; घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. लिथियम पेटल्यास निघणारा धूर विषारी असतो. वस्तू वाचविण्याआधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. शिशाच्या बॅटरीतील आम्ल डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

जुनी बॅटरी अंगणात फोडून शिसे वितळविणे हा तर घरात आजार पेरण्याचा प्रकार होय. लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. २०२० सालच्या युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि बॅटऱ्यांची असुरक्षित मोडतोड हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या देशात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. नवी घेताना जुनी दुकानातच जमा करावी.

राहता राहिली चार्जिंगची जागा. फवारणीचे विष श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते, याची जबर किंमत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी व शेतमजुरांनी मोजली. तोच पंप न धुता माजघरात आणणे म्हणजे शिवारातले विष मुलांच्या अंथरुणाशी आणणे. पंप बाहेरच, विहीर आणि ओढ्यापासून दूर धुवावा; बॅटरीच्या कप्प्यात पाणी जाऊ देऊ नये. हात साबणाने धुवावेत. चार्जिंग पडवीत, फरशीवर, गॅस व कपड्यांपासून दूर आणि घरातले जागे असतानाच करावे.

त्या रात्री आम्ही पंप सॉकेटवरून काढला. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून पडवीतले सॉकेट दुरुस्त केले, तेथे कुलूप लागेल असा जाळीचा कप्पा बसविला आणि भाच्याने १२.६ व्होल्टचा चार्जर आणला. माजघरातल्या त्या भिंतीशी आता केवळ नातीचे अंथरूण असते.