बीजाचें वय

कुरुंदा-वसमत हा हळदीचा मुलूख. येथील शेतकरी पीक उगवलें नाहीं म्हणून केवळ जमिनीस बोल लावीत नाहीं. बेणें कसें होतें, तेंहि पाहतो. परंतु घरांतील सुनेच्या पदरीं मूल नसलें, म्हणजे हा विवेक सुटतो आणि ‘कूस उजवली नाहीं’ एवढ्यावर निकाल दिला जातो.

सुश्रुतानें गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज अशीं चार अंगें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं बीजाचा, विशेषतः स्त्रीबीजाचा, विचार येथें करूं.

मुलगी जन्मतांनाच आपलीं सर्व बीजें घेऊन येते. तीं सुमारें दहा ते वीस लक्ष असतात. वयांत येईपर्यंत तीन-चार लक्ष उरतात. अर्थात् पस्तिशींतील स्त्रीचें बीजहि पस्तीस वर्षांचेंच होय. बीज पक्व होतांना त्यांतील ४६ गुणसूत्रांची निम्मी वाटणी व्हावी लागते. वय वाढतें, तसा या वाटणींत चूक होण्याचा संभव वाढतो. मग गर्भ राहत नाहीं, किंवा राहून पडतो. पाळी नियमित आहे, प्रकृति निरोगी आहे, एवढ्यानें बीजाची खात्री पटत नाहीं. रक्ततपासणीनेंहि संख्येचा अंदाज येतो, गुणाचा नव्हे.

६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नानें, शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून एक कन्या जन्मास आली. या विद्येनें पुष्कळ घरीं पाळणे हलले. पण जुनें बीज तरुण करणें तिलाहि साधलेलें नाहीं. उलट, तरुण स्त्रीनें दान केलेलें बीज चाळिशी उलटलेल्या स्त्रीच्या उदरींहि वाढूं शकतें. २०२१ च्या कायद्यानें बीजदात्रीचें वय २३ ते ३५ असेंच ठरविलें आहे. क्षेत्राच्या आधीं बीज वृद्ध होतें, हें यावरून ध्यानांत यावें.

हा निसर्गाचा नियम आहे, सुनेचा अपराध नव्हे. शिवाय बीज दोघांचेंहि असतें. म्हणून वर्षभरांत, आणि पत्नीची पस्तिशी उलटली असल्यास सहा महिन्यांतच, पतिपत्नी दोघांनींहि तपासून घ्यावें. पुरुषाची तपासणी सोपी. ती आधींच करावी. धूम्रपान सोडावें.

नवस अवश्य बोलावा. परंतु त्याच्या भरंवशावर दोन-तीन वर्षें दवडूं नयेत. देव कोपला तर पुन्हां प्रसन्न होईल. गेलेलें वय परत येत नाहीं.