आडनाव सापडलं, पण बायका कुठे आहेत?



आमचं आडनाव दोशी. शाळेत मुलांना ‘दोषी’ म्हणून चिडवायचे. दोषाचा काही संबंध नाही हो! संस्कृतात दूष्य म्हणजे वस्त्र, त्यावरून दोशी म्हणजे कापडवाला. तसेच कोठारी कोठाराचे, गांधी सुगंधी द्रव्यांचे. आडनाव धंद्यावरून पडलेलं, त्यामुळे दोन दोशी एकाच कुळातले असतीलच असं नाही. कुळ शोधायचं तर वहीवंचा बारोटाच्या वह्या नाहीतर घरची वंशावळ बघावी लागते.

आमच्या घरची वंशावळ ९ पिढ्यांची आहे, आणि सगळे पुरुष! एकाही सासूचं नाव नाही, लेकींचं तर नाहीच. मी बी.कॉम., एकाच बाजूच्या नोंदीला मी हिशेब म्हणत नाही.

ही परंपरा आहे, असं कोणी सांगितलं तर मंदिरातल्या जुन्या धातूच्या प्रतिमांची पाठ दाखवा. ५०० वर्षांपूर्वीच्या लेखांत संवत, ज्ञाती, श्रावकाचं नाव आणि पुढे ‘भार्या’ म्हणून बायकोचं नाव कोरलेलं सापडतं, कित्येकदा आईचंही. मूर्तीवर चाललं ते कागदावर का चालू नये?

घरातल्या म्हाताऱ्या बायका आहेत तोवर विचारून घ्या. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा, माहेरचं आडनाव आणि गावही. आमच्या ८४ वर्षांच्या आत्याबाईंनी ७ नावं सांगितली. आणखी दोघी होत्या म्हणाल्या, पण त्यांची नावं आता आठवत नाहीत.