कार्ड नंतर, आधी कॅबिनेट उघडा



मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड चालेल की नाही हे तपासायचे मी २०० रुपये घेतो. त्यावर बऱ्याच जणांनी मला ऐकवलं. "सर, बघायचे कसले पैसे? कार्ड विकताय ना, त्यात कमवा की." व्हिडिओत घाईघाईत उत्तर दिलं, ते मलाच पटलं नाही. म्हणून इथे नीट लिहितोय. माझं मत आहे की तपासणीचे पैसे घेतलेच पाहिजेत, आणि ते गिऱ्हाइकाच्याच फायद्याचं आहे. कसं ते सांगतो. पण त्याआधी मी केलेला घोळ सांगावा लागेल.

२०२३ ची गोष्ट. चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा झाली की आमच्याकडे लग्नांचा हंगाम जोरात असतो. आशागडच्या बाजूच्या एका पाड्यावरचा मुलगा लग्नाचं शूटिंग करायचा. एडिटिंग बाहेर द्यायचा, त्यात निम्मे पैसे जायचे. म्हणून त्याने ऑफिसातून निघालेला एक जुना डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० घेतला. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, किंमत चांगली, मशीन मजबूत. मग मला फोन. "दादा, याला ग्राफिक्स कार्ड बसेल ना?" मी दुकानात दुसऱ्या कामात होतो. म्हटलं, "बसेल रे, स्लॉट सोळाचाच आहे त्याला." झालं. मी लॅमिंग्टन रोडवरून जीटीएक्स १६५० मागवलं. तो मसोलीला दुकानात आला तो आईला घेऊन, कारण पैसे मावशींनी बचत गटातून उचलले होते. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू.

कॅबिनेट उघडलं आणि माझा चेहरा उतरला. ते मशीन होतं स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे आडवं ठेवायचं बारीक कॅबिनेट. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी साधारण १२ सेंटीमीटर असते, या कॅबिनेटला लागते ८ सेंटीमीटरची लो प्रोफाइल. स्लॉट खरंच सोळाचा होता. माझं फोनवरचं वाक्य शब्दशः खरं होतं आणि तरी कार्ड बसत नव्हतं.

कार्ड मी परत घेतलं, पूर्ण पैसे मावशींच्या हातात दिले. घाऊक व्यापाऱ्याने खोललेला बॉक्स परत घेतला नाही, त्याचंही चूक म्हणता येणार नाही. चार महिने ते कार्ड माझ्या काचेच्या कपाटात पडून होतं, शेवटी २,२०० रुपये तोट्यात विकलं. बीबीएला वर्किंग कॅपिटलचा अख्खा धडा पाठ केला होता, पण माल अडकला म्हणजे काय होतं ते त्या चार महिन्यांत कळलं.

आता बघा, मी "बसेल" का म्हणालो? घाई होती हे खरं, पण खरं कारण वेगळं आहे. माझी कमाई फक्त "बसेल" म्हणण्यात होती. "नाही बसणार" म्हटलं असतं तर हातात शून्य. तपासणी फुकट ठेवली की दुकानदाराचं पोट होकारावर चालतं. २०० रुपये घेतले की नकार द्यायला जीभ अडखळत नाही. आणि गिऱ्हाइकाने माझ्याकडे तपासून कार्ड ऑनलाइन मागवलं तरी मला राग येत नाही, माझे पैसे मिळालेले असतात. माझ्याकडून घेतलं तर २०० बिलातून वजा.

तुमच्यापैकी जे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणताय त्यांनी या २०० रुपयांत नक्की काय विकायचं, तेही समजून घ्या. स्लॉटबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि तिथेच सगळ्यात कमी अडचण असते. पीसीआय एक्सप्रेसचं नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये सहसा चालतं, फक्त वेग जुन्या स्लॉटचा मिळतो. अपवाद लक्षात ठेवा: रॅडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं फक्त चार लेन वापरतात, त्यामुळे जुन्या मशीनमध्ये त्यांना जास्त फटका बसतो. शिवाय या दोन्हींत व्हिडिओ एन्कोडर नाही. जीटी १०३० मध्येही नाही. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला म्हणून कार्ड घ्यायचं आणि नेमकं तेच काम त्याला येत नाही! बॉक्सवर हे मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही.

खरी मेख पॉवर सप्लायमध्ये असते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागले तर सहा पिनची वेगळी वायर आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. आता त्या ऑप्टिप्लेक्सचं गणित करा. बारीक कॅबिनेटवाल्याचा सप्लाय २४० वॅटचा. आय-फाइव्ह ३४७० असेल तर प्रोसेसर ७७ वॅट, कार्ड ७५, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून धरा ४०. झाले १९२. कागदावर बसतं, पण सप्लाय दहा वर्षं जुना आहे आणि सहा पिनची वायर त्यात नाहीच. सप्लाय बदलू म्हणाल तर त्या बारीक कॅबिनेटमध्ये बाजारातला साधा सप्लाय मावत नाही. आणि डेलच्या ७०२०, ९०२० सारख्या मॉडेलमध्ये बोर्डाचा जोडच वेगळा, नेहमीच्या २४ पिनऐवजी आठ पिनचा.

लोकल असेंबल मशीनमध्ये उलटी गंमत. स्टिकरवर ४५० वॅट मोठ्याने लिहिलेलं असतं. तुम्ही खालची बारीक ओळ वाचा: १२ व्होल्टसमोर किती अँपिअर? १६ असेल तर बारा सोळे एकशे ब्याण्णव. कार्ड आणि प्रोसेसर दोघं जेवतात ते याच ताटात. हार्ड डिस्कच्या वायरीतून सहा पिन काढून देणारे जुगाड कनेक्टर मिळतात, मी दुकानात ठेवतच नाही. ती वायर तापून वितळलेली मी पाहिली आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा यूपीएसही आठवतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट उचलतो. कार्ड टाकल्यावर भार वाढतो आणि बॅकअपची मिनिटं घटतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर "तुम्ही कार्ड टाकलं आणि यूपीएस खराब झाला" हे ऐकायची तयारी ठेवा.

मॉनिटर बघायला विसरू नका. गावात अजून कितीतरी मॉनिटर फक्त व्हीजीएवाले आहेत आणि आताच्या कार्डांना व्हीजीए नसतं, कन्व्हर्टर लागतो. काही जुन्या बायोसवर नवं कार्ड लावलं की स्क्रीन काळीच राहते, बायोस अपडेट करावं लागतं, कधी तेवढ्यानेही भागत नाही. इंटेलची आर्क कार्डं स्वस्त दिसतात, पण त्यांना रिसाइझेबल बार लागतो. इंटेलच्या बाजूने दहाव्या पिढीच्या खालच्या मशीनला मी ती देत नाही.

सेकंड हँड कार्ड घेणार असाल तर जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हमध्ये ठेवाच. जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयचा बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड असल्या कार्डासमोर 'फेक' असं लिहून दाखवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो दुकानदार विचारत नाही: कार्ड लागतंय कशाला? टॅली, झेरॉक्स सेंटरचे फॉर्म, कोरलमधले बॅनर, यासाठी कार्डावर पैसे घालू नका. एसएसडी आणि रॅम घाला. चिंचणी-वरोरकडच्या डायवाल्या कारागिरांपैकी कोणी दागिन्यांचं थ्रीडी डिझाइन करत असेल तर त्याला कार्ड लागेल. व्हिडिओवाल्याला लागू शकतं, पण इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्येच क्विक सिंक असतं, आधी ते वापरतोय का बघा. गंमत म्हणजे बाहेरचं कार्ड लावलं की बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. बायोसमध्ये जाऊन परत चालू करावं लागतं, काहींत तो पर्यायच नसतो.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मशीनमध्ये, ते मशीन विकून येतील त्याहून जास्त पैशांचं कार्ड टाकू नका, असं माझं मत. कोणी म्हणेल कार्ड पुढच्या मशीनला काढून लावता येतं. बरोबर आहे, पण मग लो प्रोफाइल कार्डाबरोबर आलेली मोठी पट्टी जपून ठेवा. माझी दोन गिऱ्हाइकं ती कचऱ्यात टाकून परत माझ्याकडे आली होती.

माझ्या मताची एक बाजू मलाच टोचते, तीही सांगतो. ज्याच्याकडे २०० नाहीत त्याचं काय? मावशींसारख्या बाईने बचत गटाच्या पैशातून आधी मला फी द्यायची का? म्हणून फोटोवरून बघायचे मी काही घेत नाही. कॅबिनेट उघडून आतले स्क्रू काढायची वेळ आली तरच पैसे. आणि फोटो न बघता "बसेल" हा शब्द मी फोनवर बोलत नाही, दुकानात काम करणाऱ्या मुलालाही बोलू देत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं? रॅम ४ ची १६ जीबी केली, एसएसडी टाकली, आणि त्याला प्रॉक्सी फाइल बनवून एडिट करायला शिकवलं. खर्च ३,६०० रुपये. एक्सपोर्ट रात्री लावून झोपायचा. तो हंगाम त्याने त्याच मशीनवर काढला, दिवाळीत उभ्या कॅबिनेटचं सेकंड हँड मशीन घेतलं. मावशी आल्या होत्या बरोबर. या वेळी त्यांनीच विचारलं, "उघडून बघितलंस ना रे?"

तुम्हाला विचारायचं असेल तर तीन फोटो पाठवा: झाकण काढून आतला पूर्ण, पॉवर सप्लायच्या स्टिकरचा जवळून, आणि मॉनिटरच्या मागच्या जोडांचा. फोटो काढण्याआधी प्लग काढा.