बक्षीसपत्र करताय? आधी ‘सांभाळण्याची अट’ लिहून घ्या!

कर्जत, खालापुरात जमिनीला भाव आला आणि घराघरांत सातबाऱ्याचा विषय निघू लागला. फार्महाऊस, सेकंड होम, पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग यांमुळे माळरानालाही गिऱ्हाईक आहे. मग म्हाताऱ्या आईवडिलांच्या मागे ‘नावावर करून द्या’ असा लकडा लागतो. मुलाबाळांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. सही स्वस्तात होते, पण नंतर कुठे औषध लांबते, कुठे जेवण वेगळे होते, कुठे बोलणेच बंद होते. मारहाण नसली तरी हा छळच.

कायदा काय सांगतो?

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. त्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• निर्वाह भत्ता : स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसेल तर मुलांकडून दरमहा १० हजार रुपयांपर्यंत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित.
• कलम २३ : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते.
• कलम २४ : ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मेख कुठे आहे?

‘अटीवर’ या शब्दात. अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईला मालमत्ता परत मिळाली, कारण बक्षीसपत्राच्या जोडीला मुलाने लिहून दिलेले वचनपत्र तिच्याकडे होते. म्हणून दस्तातच स्पष्ट लिहा : अन्न, औषधपाणी, राहती खोली. पोटच्या पोराकडून लिहून काय घ्यायचे, असा संकोच वाटेल. पण ज्याला सांभाळायचे आहे, त्याला या ओळीचा त्रास का व्हावा?

नुसता कायदा पुरेल का?

नाही. मुलगा पहाटेची लोकल पकडतो, सून खोपोलीच्या कारखान्यात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे करायचे कुणी? दुर्लक्ष दरवेळी दुष्टपणातून होत नाही, थकव्यातूनही होते. इथे प्रशिक्षित काळजीवाहक हवेत. वृद्धसेवेचे अभ्यासक्रम आहेत, केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतही हे प्रशिक्षण आहे. वाड्यापाड्यांतल्या मुलामुलींना ते तालुक्यातच मिळाले, तर घराजवळ रोजगार होईल. रोज घरात येणाऱ्या या बाहेरच्या माणसाच्या नजरेला अंगावरचा वळ आणि उपाशी पोट दोन्ही पडतील. मात्र या कामाला ‘बाई ठेवली’ एवढीच किंमत देऊन चालणार नाही. ठरलेले वेतन आणि सुट्टी द्यावीच लागेल.

मदत हवी असल्यास ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७. शेजाऱ्यांनीही हा क्रमांक जपून ठेवावा. सोसणारे म्हातारे माणूस स्वतःहून फोन क्वचितच करते.